तांबडा प्रकाश काय सांगतो?

सोलापूर स्टेशनच्या फलाटावर तुम्ही कधीतरी उभे राहिला असाल. मालगाडी शिट्टी देत जवळ येते तेव्हा आवाज बारीक वाटतो. ती पुढे निघून गेली, की तोच आवाज एकदम जाड होतो. शिट्टी बदललेली नसते. गाडी दूर जाऊ लागली म्हणून आवाजाच्या लहरी लांबलेल्या असतात.

प्रकाशालाही लहरी असतात. निळ्या प्रकाशाची लहर आखूड, तांबड्याची लांब. दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांचा, प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकलेला दिसतो. याला ताम्रसृती म्हणतात. ताम्र म्हणजे तांबडा, उर्दूतला सुर्ख. सृती म्हणजे सरकणे. दीर्घिका जितकी दूर, तितकी तिची ताम्रसृती जास्त, असे 1929 साली एडविन हबल यांनी दाखवले. त्यावरून विश्व प्रसरण पावत आहे, असा अर्थ बहुतेकांनी काढला. स्वतः हबल मात्र सावधपणेच बोलत राहिले.

दुसरा अर्थ निघू शकतो का? त्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी म्हणाले, की लांबच्या प्रवासात प्रकाशच थकत असेल. अक्कलकोटला पायी निघालेला माणूस थकतो, तशी प्रकाशाची ऊर्जा कमी होते आणि तो तांबडा होतो. कल्पना सोपी आहे. पण ती टिकली नाही. समजा, तुमचे मामा प्रवासात रोज एक पत्र टाकतात आणि रोज आणखी दूरच्या गावी जातात. मग पत्रे तुम्हांला रोज मिळणार नाहीत. दोन पत्रांतले अंतर वाढेल. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांचे तसेच होते. जवळचा स्फोट ज्या प्रमाणात 20 दिवसांत मावळतो, तसाच खूप दूरचा स्फोट मावळायला 30 दिवस लागलेले दिसतात. नुसत्या थकलेल्या प्रकाशाने दिवस वाढले नसते.

तिसरे उत्तर आपल्या महाराष्ट्रातील शास्त्रज्ञाचे आहे. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म 1938 साली कोल्हापूरला झाला. केंब्रिजमध्ये त्यांनी फ्रेड हॉईल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यातून एक विलक्षण कल्पना निघाली: कणांचे वस्तुमान काळाबरोबर वाढत असेल तर? हलक्या इलेक्ट्रॉनच्या अणूतून निघणाऱ्या प्रकाशाची लहर लांब असते. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश फार पूर्वी, कण हलके असताना, निघाला; म्हणून तो तांबडा. दीर्घिकेने पळायलाच नको!

ही कल्पना हाल्टन आर्प यांना उपयोगी पडली. एनजीसी 4319 या दीर्घिकेला मार्केरियन 205 हा क्वेसार, म्हणजे अतितेजस्वी ज्योती, चिकटलेला दिसतो. दोघांच्या ताम्रसृतीत दहापटींहून जास्त फरक आहे. दोघे शेजारी असतील, तर ताम्रसृतीवरून अंतर काढणेच चुकीचे ठरेल. अशी उदाहरणे आर्प गोळा करीत राहिले. पुढे अमेरिकेतील मोठ्या दुर्बिणीवर त्यांना वेळ मिळेनासा झाला व ते जर्मनीला गेले. मत पटले नाही म्हणून पाहूच न देणे, हे मला तरी योग्य वाटत नाही. 1993 साली नारळीकर व आर्प यांनी मिळून लेख लिहिला: क्वेसारातील द्रव्य नवे, म्हणून हलके, म्हणून त्याचा प्रकाश तांबडा.

मग खरे काय? ईदच्या आदल्या संध्याकाळी चंद्रकोर मिनाराला टेकल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात चंद्र सुमारे 3,84,000 किलोमीटर दूर असतो. हा क्वेसारही तसाच दीर्घिकेच्या मागे आहे का, हे पाहायला एक युक्ती आहे. मागे असेल, तर त्याचा प्रकाश दीर्घिकेतील वायूतून गाळून येईल आणि त्या वायूच्या खुणा त्यात उमटतील. हबल यांचे नाव दिलेल्या अवकाश दुर्बिणीने तपासले, तेव्हा त्या खुणा सापडल्या. क्वेसार मागेच होता.

आज बहुतेक शास्त्रज्ञ विश्वाचे प्रसरणच मानतात, आणि मलाही तेच पटते. नारळीकर मात्र पुण्याच्या आयुका संस्थेत, जिचे ते 1988 पासून संस्थापक संचालक होते, महास्फोटाच्या सिद्धांतावर शंका घेत राहिले. 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.