बेवारस बोट सापडली की बंदरावर तपासणी का वाढते?

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ ही बेवारस नौका लागली. आत एके-४७ रायफली निघाल्या आणि रायगडभर नाकाबंदी सुरू झाली. खलाशांची आधीच समुद्रात सुटका झाली होती, रिकामी नौका वाहत आली होती. प्राथमिक तपासात दहशतवादाचा संबंध दिसला नाही. तरी धाकधूक होणारच. १९९३ चं आरडीएक्स याच श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीला उतरलं होतं.

अशा दिवसांत तांडेलाची खरी अडचण कागदांची. बोटीची नोंदणी, मासेमारी परवाना, प्रत्येक खलाशाचं आधार कार्ड सोबत हवं. एकाचं घरी राहिलं तरी बोट अडकू शकते, आणि भरलेला बर्फ काही वाट बघत नाही.

अनोळखी बोट दिसली तर जवळ जाऊ नका, ओढून तर अजिबात आणू नका. सागरी पोलिसांना १०९३ किंवा तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा.