हकीमाच्या घराचा किल्ला झाला

माकुणसार, केळवे, सफाळ्याची माणसे कामासाठी मुंबईला जातात, चर्चगेटला उतरून फोर्टमध्ये शिरतात. या फोर्टची सुरुवात एका घरापासून झाली आणि ते घर एका हकीमाचे होते, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज हकीम. घराणे मूळचे यहुदी, पण सक्तीने ख्रिस्ती केलेले. १५३४ मध्ये तो हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याला मान मिळाला. १५५४ च्या सुमारास पोर्तुगीजांनी मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने दिले. आपल्या केळवे-माहीमकडची गावेही तेव्हा अशीच दिली जात. पट्टेदाराने सारा गोळा करायचा आणि वेळप्रसंगी सरकारला घोडा, शिपाई पुरवायचे. अशा मालकाच्या वाड्याला इंग्रज ‘मॅनर हाउस’ म्हणत. तिथेच राहणे आणि तिथेच कारभार.

फेब्रुवारी १६६५ मध्ये इंग्रजांनी मुंबईचा ताबा घेतला, तो याच वाड्यात. तेव्हा मालकीण होती डोना इग्नेझ दि मिरांडा ही विधवा. वाड्यापुढे चार पितळी तोफा आणि भोवती नावाजलेली बाग होती. १६६८ मध्ये राजाने वर्षाला दहा पौंडांवर बेट कंपनीला दिले. कंपनीने बागेच्या जागी तट आणि बुरूज उभारले. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला, तेव्हा इंग्रज याच तटाआड अडकून पडले. शेवटी औरंगजेब बादशहाची माफी मागून आणि दीड लाख रुपये दंड भरून त्यांची सुटका झाली.

टाउन हॉलच्या मागची ती जागा आज नौदलाकडे आहे. आपल्याला आत जाता येत नाही.

ओर्ता १५६८ मध्ये गोव्यात वारला. तो मनाने यहुदीच राहिला, असा ठपका ठेवून १५८० मध्ये धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. पण १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा औषधींचा ग्रंथ जाळता आला नाही. त्यात इब्ने सीनासारख्या हकीमांचे दाखले आहेत आणि वर्षातून दोनदा फळणाऱ्या त्याच्या मुंबईच्या आंब्याचाही उल्लेख आहे. वाडा गेला, लिहिलेले राहिले.

आपल्या गावातली जुनी कौलारू घरेही एकेक उतरत आहेत. घर पाडणे कधी टळत नाही. पण पाडण्याआधी आजी-आजोबांजवळ बसून घर कोणी बांधले, लाकूड कुठून आणले, ओटीवर कोण बसत असे, एवढे वहीत लिहून ठेवूया. ही मुलांची अमानत आहे.