झाकण उघडलं, पण नेट कुठाय?

आम्ही चौलहून बोलतोय. कर्ज, परतफेड, मसाले-पापडांची विक्री यांवर आपण या वेळेला नेहमी बोलतो. आज बोलायचंय ग्रामसंघाच्या लॅपटॉपबद्दल. गटाच्या नोंदी, बँकेचा अर्ज, योजनेची यादी, सगळं आता त्या डब्यातून जातं. डबा अडला की आपलं काम अडतं.

आमच्याकडे झालं ते असं. बैठकीत चहा आला की आमच्या लेखनिक ताई लॅपटॉपचं झाकण मिटायच्या आणि चहा झाला की उघडायच्या. स्क्रीन लगेच उजळायची, पासवर्डही घ्यायची. पण वायफाय काही लागायचं नाही. नुसतं गोल गोल फिरत राहायचं. दोन-अडीच मिनिटं जायची. ऐकायला थोडी वाटतात. पण बँकेच्या पानावर काही वेळ हालचाल झाली नाही की ते आपोआप बंद होतं. ओटीपीचीही मुदत संपते. एका गटाचा कर्जाचा अर्ज असा तीनदा पहिल्यापासून भरावा लागला. बायका वैतागल्या. कुणीतरी बोलून गेली, "हिचा हात लागला की बंद पडतं!" ताई तेव्हा गप्प बसल्या. पुढच्या बैठकीत मात्र म्हणाल्या, "माझ्याकडून हे काम काढून घ्या."

दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं तर उत्तर आलं, वायफायचं कार्ड गेलंय, बदला, नाहीतर नवीन लॅपटॉपच घ्या. ग्रामसंघाच्या शिल्लकेतून पैसे काढायचा ठराव आम्ही लिहायला घेतलाच होता. तेवढ्यात एक वयस्कर सदस्य म्हणाल्या, "अगं, दोन हजारांचं कर्ज देताना आपण पन्नास प्रश्न विचारतो. इथे एवढे पैसे चाललेत, नक्की काय बिघडलंय हे कुणी बघितलं का?"

कुणीच बघितलं नव्हतं. मग आम्ही बघायला बसलो. काय सापडलं ते सांगतो.

झाकण मिटल्यावर काय होतं?

झाकण मिटलं की लॅपटॉप बंद होत नाही, झोपतो. उघडलेलं काम लक्षात ठेवण्यापुरती वीज चालू राहते, बाकीचे भाग विश्रांती घेतात. बॅटरी वाचवण्यासाठी बहुतेक वेळा वायफायचं कार्डही झोपतं. झाकण उघडल्यावर नेट सुरू व्हायच्या आधी पाच कामं एकापाठोपाठ व्हावी लागतात.

पहिलं, कार्डाने जागं व्हायचं. दुसरं, आसपास कोणकोणते राऊटर आहेत ते शोधायचं. त्यासाठी कार्ड एकेका चॅनेलवर थांबून ऐकतं, आपण रेडिओची सुई फिरवून स्टेशन शोधायचो ना, तसंच. तिसरं, ओळख पटवायची. लॅपटॉप पासवर्ड उघड बोलून दाखवत नाही. दोघं एकमेकांना काही कोडी घालतात आणि त्या उत्तरांवरून दोघांनाही कळतं की पासवर्ड ठाऊक आहे. चौथं, राऊटरकडून पत्ता घ्यायचा. हा पत्ता कायमचा नसतो, भाडेकरारासारखा ठराविक मुदतीचा असतो. आणि पाचवं, बाहेर खरंच नेट आहे का ते तपासायचं. विंडोज त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ठरलेल्या पत्त्यावरून एक इवलीशी फाइल मागवून बघतं.

सगळं ठीक असेल तर ही पाचही कामं काही सेकंदांत होतात. एकही अडलं तर पुढची सगळी थांबतात. आपल्याला दिसतं ते मात्र एकच, 'नेट नाही'. म्हणून 'नेट नाही' हे दुखण्याचं नाव नाही. ताप आलाय म्हणण्यासारखं आहे ते. ताप कशाचा, हे शोधावं लागतं.

वही काढा, घड्याळ लावा

आपल्या गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र काय? नियमित लेखे. तेच इथे कामाला येतं. एका पानावर तारीख लिहा, काय केलं ते लिहा आणि झाकण उघडल्यापासून नेट लागेपर्यंत किती सेकंद गेले ते लिहा. एकदा मोजून भागत नाही. दहा-दहा मिनिटं झोपवून तीन वेळा मोजा.

आता चार साध्या तपासण्या.

लॅपटॉप खोळंबला असताना त्याच वायफायवर मोबाईल चालतो का ते बघा. मोबाईलचं स्वतःचं नेट तेवढ्यापुरतं बंद ठेवा, नाहीतर फसगत होते. मोबाईल चालत असेल तर राऊटर आणि बाहेरची लाइन ठीक आहे. मोबाईलही थांबला असेल तर लॅपटॉपच्या मागे लागू नका.

दुसरी, खोळंबा कुठे होतोय ते स्क्रीनवर वाचा. वायफायची नावंच उशिरा दिसतात का? मग कार्ड जागं होण्यात किंवा शोधण्यात वेळ जातोय. नाव दिसतं, पण 'कनेक्टिंग'वर अडतं? मग सिग्नल कमी आहे किंवा ओळख पटण्यात घोळ आहे. 'कनेक्टेड' येतं, पण खाली 'नो इंटरनेट'? मग पत्ता मिळण्यात किंवा बाहेरच्या लाइनीत अडचण आहे.

तिसरी, लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तसाच झोपवून उठवा. चटकन लागला तर संशय राऊटरवर. तितकाच वेळ घेतला तर संशय लॅपटॉपवर.

चौथी, खोळंबलेला असताना लॅपटॉपमधलं वायफाय बंद करून पुन्हा चालू करा. लगेच लागलं तर कार्ड गेलेलं नाही. ते झोपेतून नीट उठत नाहीये, एवढंच.

आमच्या वहीत काय निघालं? मोबाईल चालत होता. हॉटस्पॉटवरही लॅपटॉप जवळजवळ तितकाच रेंगाळला. वायफाय बंद-चालू केलं की मात्र पटकन लागला. म्हणजे कार्ड धडधाकट होतं. ठरावाचा कागद आम्ही तिथेच बाजूला ठेवला.

बिनपैशाचे उपाय आधी

एक नियम पाळा, एका वेळी एकच बदल. आमटी बिघडली म्हणून मीठ, चिंच, गूळ सगळं एकदम घातलं तर नेमकं काय कमी होतं ते कधीच कळत नाही.

सुरुवात 'रीस्टार्ट'ने करा. 'शटडाउन' करून पुन्हा चालू करणं वेगळं, हे आम्हालाही नवीन होतं. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची एक सोय असते. ती चालू असेल तर शटडाउन करतानाही आतली काही स्थिती जपून ठेवली जाते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

मग कार्डाची झोप. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये ज्या नावात वायफाय किंवा वायरलेस आहे त्यावर दोनदा क्लिक करा. 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची कॉम्प्युटरला परवानगी, अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. तिच्यापुढची टिक काढा आणि 'ओके' म्हणा. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल. काही नव्या लॅपटॉपमध्ये हे पानच नसतं, कारण ते वेगळ्या पद्धतीने, अर्धवट जागे राहून झोपतात. तिथे हा उपाय सोडा, पुढच्याकडे जा.

तिसरं, जुनी ओळखपाळख कमी करा. प्रशिक्षणाचा हॉल, कुणाच्या भावाचा हॉटस्पॉट, प्रदर्शनातलं वायफाय, लॅपटॉप सगळ्यांची नावं साठवून ठेवतो. त्यातलं एखादं जवळ असेल तर तो भलत्यालाच जोडू बघतो. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'वायफाय', मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स' असं जा आणि नको असलेल्या नावापुढे 'फर्गेट' करा. आपल्या वायफायपुढे आपोआप जोडण्याची टिक आहे ना, तेही बघा.

चौथं, ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यातला दुभाषा. तो जुना झाला, किंवा नव्या अपडेटमध्ये बिघडला, तर उठताना गोंधळ होतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवर आपला मॉडेल नंबर टाकून तिथूनच नवा घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर'ने जुन्यावर जाता येतं.

अगदी शेवटी 'नेटवर्क रीसेट'. त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात. आधी वहीत लिहून घ्या, मगच हात लावा.

आमचं काम दुसऱ्या पायरीला झालं. रीस्टार्टने दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. टिक काढली तेव्हा वेळ पंधरा-सोळा सेकंदांवर आला. तुमचंही तिथेच होईल असं नाही. म्हणून तर मोजायचं.

राऊटर कुठे ठेवलाय?

पंधरा सेकंदही आम्हाला जास्त वाटले. मग नजर राऊटरकडे गेली. आपली जुनी घरं जांभ्या दगडाची, भिंती हात-हातभर जाड. राऊटर माजघरात, तोही लोखंडी कपाटामागे, आणि आपण बसतो ओटीवर. जाड भिंतीतून वायफायचा सिग्नल क्षीण होतो आणि लोखंड तर तो अडवतंच. राऊटर ओटीकडच्या दारावर, उंचावर लावला. आता आठ-नऊ सेकंदांत नेट लागतं.

बऱ्याच राऊटरना दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४चा पल्ला लांब आणि भिंतींतून तो बरा जातो, पण तिथे शेजाऱ्यांच्या वायफायची, ब्लूटूथची गर्दी असते. ५चा वेग जास्त, पल्ला कमी. त्यातल्या काही चॅनेलवर रडारही चालतं. म्हणून तिथे राऊटरला सुरू झाल्यावर आधी मिनिटभर गप्प राहून ऐकावं लागतं आणि लॅपटॉपही हाक न मारता नुसता कान देऊन बसतो. शोधायला वेळ लागतो तो त्यामुळेही. राऊटर बसवणाऱ्याला सांगून ५चं चॅनेल ३६ ते ४८ यांमधलं ठेवून बघा.

आणि लाइट! ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, कितीतरी दिवस अंधारात काढले. ते मोठं संकट होतं. पण पावसाळ्यात लाइट एक क्षण जाऊन येते, तिचाही हिशोब धरा. लॅपटॉपला बॅटरी असते, त्याला काही कळत नाही. राऊटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि त्याला काही मिनिटं लागतात. आपण दोष देतो लॅपटॉपला. असं वारंवार होत असेल तर राऊटरपुरता छोटा यूपीएस पुरतो.

हे मात्र करू नका

नेट लवकर लागावं म्हणून वायफायचा पासवर्ड काढून टाकू नका. गटाचे खाते नंबर, आधारच्या प्रती त्याच लॅपटॉपवर आहेत. लॅपटॉप रात्रभर उघडा, जागा ठेवू नका. आम्ही महिनाभर तेच करत होतो, त्यात बॅटरीचे हाल होतात. आणि नेटवर सापडलेल्या कुठल्याही 'मदत' नंबरला फोन करून, त्यांनी सांगितलेलं, दुरून स्क्रीन दिसणारं अ‍ॅप घेऊ नका. त्यांना ओटीपी तर मुळीच सांगू नका. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

हे सगळं करूनही फरक पडला नाही तर कार्ड खरंच गेलेलं असू शकतं. मग खुशाल दुकानात जा, पण वही घेऊन जा. 'काय काय करून बघितलं आणि किती सेकंद लागले' हे सांगणाऱ्या बाईला उगाच नवीन लॅपटॉप घ्यायला लावणं सोपं नसतं.

आमच्या लेखनिक ताईंनी काम सोडलं नाही. त्या दिवशी वहीतले आकडे वाचून दाखवले तेव्हा, "हिचा हात लागला की" म्हणणारी बाई जरा वेळ खाली बघत बसली. मग म्हणाली, "मला पण दाखव गं, ती टिक कुठे असते." आता आमच्या ग्रामसंघात चौघीजणींना ती टिक कुठे असते ते ठाऊक आहे. ठरावाचे पैसे शिल्लकेत आहेत. पुढच्या बैठकीत त्यातून कुणाला कर्ज द्यायचं, यावर नेहमीसारखी वादावादी होईल, पन्नास प्रश्नांसकट!

तुमच्या गटाच्या वहीत किती सेकंद निघाले ते आम्हाला जरूर कळवा. पुन्हा भेटू. नमस्कार!