टीव्हीवरची ‘स्वामी’ आणि आपल्या शेजारचा धोडप

आज आपण बोलणार आहोत ‘स्वामी’ मालिकेबद्दल. रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली आली. पुढे १९८०च्या दशकात गजानन जागीरदारांनी दूरदर्शनसाठी तिची मालिका केली. रवींद्र मंकणी माधवराव पेशवे झाले, तर मृणाल देव रमाबाई. ज्यांच्या गावात टीव्ही एकाच घरी होता, त्यांना ती दाटीवाटीची ओसरी आठवत असेल.

ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. आपल्या देवळ्याशेजारच्या चांदवड तालुक्यात धोडप किल्ला आहे. त्याच्या कातळभिंतीतली खाच लांबूनही ओळखू येते. १७६८च्या जूनमध्ये तिथेच माधवरावांनी सख्ख्या काकांचा, रघुनाथरावांचा पराभव केला आणि त्यांना पुण्यात शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. माधवरावांच्या आई गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरला येऊन राहिल्या होत्या. भाऊबंदकी आपल्याला काय नवी आहे? म्हणूनच ही मालिका घरातली वाटते.

पण यातलं खरं किती? लढाई, कैद, १७७२ साली थेऊरला क्षयाने झालेला माधवरावांचा मृत्यू, हा इतिहास आहे. नवरा-बायकोचं एकांतातलं बोलणं मात्र कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते लेखकाने कल्पनेने रचलं. पडद्यावर त्याला चेहरा, आवाज आणि संगीत मिळालं, की तेही घडलेलंच वाटू लागतं.

शेवटी रमाबाई सती जातात. हेही घडलेलं आहे. आमच्या गटात या गोष्टीवर बोलताना एका मुलीने विचारलं, “मग सती गेल्या म्हणूनच त्या मोठ्या का?” क्षणभर सगळ्या गप्प झालो. मग एक आजी म्हणाल्या, “मोठी होती ती जगताना. जळण्यात कसलं मोठेपण?”

आम्हाला हे पटलं. इंग्रज अंमलात १८२९ साली बंगाल प्रांतात सतीबंदीचा कायदा झाला, नंतर इतरत्रही बंदी आली. राजस्थानात देवराळ्याला एक तरुण विधवा सती गेल्यावर १९८७ साली नवा कायदा झाला. त्यानुसार सतीचा उदोउदो करणं हासुद्धा गुन्हा आहे.

म्हणून ऐतिहासिक मालिका जरूर बघा, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. पण टीव्ही बंद केल्यावर मुलींशी दोन शब्द बोला. यातलं घडलेलं काय, रचलेलं काय आणि आपण घ्यायचं काय, एवढं त्यांना विचारा. पुढच्या बैठकीत तुमच्या घरी काय बोलणं झालं, ते आम्हाला सांगा.