७२९ पदरांची विद्या

पॅरिस येथील ‘ल कॉर्दों ब्लू’ ही पाकशाळा १८९५ सालीं निघाली. अशा शाळेंत नवख्या विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती ‘पात फय्यते’ या पदरी पिठाच्या पाठांत.

मळलेल्या मैद्याच्या पोळींत थंड लोण्याची सपाट वडी गुंडाळावयाची, लाटावयाचें व तिपदरी घडी घालावयाची. आपल्या चिरोट्यांतील साट्याचें काम येथें लोणी करतें. अशा सहा घड्या झाल्या म्हणजे लोण्याचे थर एकाचे तीन, तिनांचे नऊ असे वाढत ७२९ होतात.

गणित सोपें, हात मात्र अधीर! उतावळा विद्यार्थी विश्रांति न देतां लाटीत राहतो. मग ताणलेलें पीठ आखडतें, लोणी पाघळून मैद्यांत जिरतें आणि पदर एकमेकांस चिकटतात. म्हणून दर दोन घड्यांनंतर पीठ गारव्यांत विसावूं द्यावयाचें. थर अखंड राहिले, तरच भट्टींत लोण्यांतील व पिठांतील पाण्याची वाफ होऊन ती एकेक पदर वर उचलते.

लाटणें हातीं धरावयास एक दिवस पुरतो. तें खालीं केव्हां ठेवावें, हें शिकावयासच शाळा लागते.