पाणी खालून येतं

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा म्हटलं, त्यानं जुनी मोटरबोट विकत घेतलेली नसावी. मी घर बांधलं आहे, मुलीचं लग्नही करून दिलं आहे. दोन्ही कामं कधी ना कधी संपली. २००८ साली घेतलेल्या बोटीचं काम मात्र अजून चालूच आहे.

कागदोपत्री ती ‘मोटर यॉट’ आहे. यॉट म्हटल्यावर हिंदी सिनेमात खलनायक ज्यावर पाय पसरून बसतो, ती पांढरीशुभ्र वस्तू कृपया डोळ्यांपुढे आणू नका. चौतीस फूट लांबीची सागवानी फळ्यांची जुनी बोट, मधे चार माणसं दाटीवाटीनं बसतील अशी केबिन आणि पोटात खोकणारं डिझेल इंजिन, एवढाच तिचा थाट. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात ती ‘शेटची लाँच’ म्हणून ओळखली जाते आणि आमच्या घरात ‘सवत’ म्हणून. मी शेट वगैरे कधीच नव्हतो. एका कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्स विभागात काढली, यंत्रांच्या तेलपाण्यात केस पिकले. पुढे जे घडलं ते वाचताना माझा हा व्यवसाय वाचकांनी जरूर लक्षात ठेवावा, कारण तो माझ्या स्वतःच्याच लक्षात राहिला नव्हता.

आई असती तर ही खरेदी झालीच नसती. तिचं माहेर रेवसजवळचं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या दिवसानंतर आईनं बोटीत पाय ठेवला नाही. पुढे एसटीनं पनवेल-पेणचा वळसा घालून ती माहेरी जायची, पण भाऊच्या धक्क्याचं नाव काढू द्यायची नाही. तिच्या माघारी चार वर्षांनी, निवृत्तीच्या पैशांतले साडेचार लाख मोजून मी ही बोट घेतली. फार स्वस्त पडली असं तेव्हा वाटलं होतं.

बोट ताब्यात आल्यावर मी काय केलं? नव्या संसाराला लागलेल्या माणसानं जे केलं असतं तेच. गाद्यांना निळे अभ्रे, खिडक्यांना पडदे, छताला पांढरा रंग, गाण्यांची यंत्रणा आणि बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज. फ्रिजचं वायरिंग मी स्वतः केलं. एका जागी वायर अपुरी पडली, तेव्हा जोड दिला, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि तो जोड केबिनच्या तळफळ्यांखाली ढकलून दिला. दिसायला नको म्हणून!

आमचे तांडेल हे सारं काठावर बसून बघत होते. वय माझ्याहून दहा वर्षांनी जास्त, बोलणं मोजकं. शेवटी एकदा म्हणाले, “शेट, वरती काय बी करा. पाणी खालून येतंय.”

मी हसलो. त्यांनी तळात इंजिनाजवळच्या व्हॉल्व्हला सुतळीनं एक लाकडी खुंटी बांधून ठेवली होती, गाजरासारखी निमुळती. रंगकामाच्या वेळी ती मला ओंगळ वाटली आणि मी ती फेकून दिली.

बोटीच्या बाहेर राहणाऱ्यांना सहसा माहीत नसतं की बोटीच्या पोटाला मुद्दाम भोकं पाडलेली असतात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, त्याचं एक. संडासाचं एक. मोरीचं एक. पंखा फिरवणारा शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथलं एक, ते तर कधीच पूर्ण बंद नसतं. प्रत्येक भोकावर धातूचा व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हवर रबरी नळी, नळीवर आवळलेली पट्टी. म्हणजे समुद्र आणि आपण यांच्यामध्ये कुठे बोटभर जाडीचा धातू, तर कुठे चाळीस रुपयांची पट्टी.

डिसेंबर २०१०. नाताळच्या सुटीत मुलगी, जावईबापू आणि पाच वर्षांचा नातू आलेले. कोर्लईच्या किल्ल्याला समुद्राकडून वळसा घालायचा, मग किनाऱ्यावर क्रिकेट, असा बेत. नातवानं स्टम्प आणि बॅट काखोटीला मारलेली. वारा नाही, पाणी तेलासारखं सपाट. किल्ल्याचं टोक मागे टाकलं आणि नातू केबिनमधून वर येऊन म्हणाला, “आजोबा, खाली लाकडं पोहतायत.”

मला वाटलं काहीतरी खेळ असेल. खाली डोकावलो तर तळफळ्या खरोखरच तरंगत होत्या. निळ्या अभ्र्यांना पाणी टेकलं होतं. पाणी उपसणारा पंप मुका, कारण रात्रभर फ्रिज चालून बॅटरी उतरलेली. आणि काठावर बसलेली माझी मुलगी, जिला पोहता येत नाही. लाइफ जॅकेटं होती, पण गाद्यांखालच्या कपाटात. मला त्या क्षणी आई आठवली, एवढंच सांगतो.

तांडेलांनी सुकाणू जावयांच्या हातात दिलं, नाळ रेवदंड्याच्या खाडीकडे वळवली आणि कमरेएवढ्या पाण्यात आत उतरले. हातानं चाचपडत त्यांनी जागा शोधली. मोरीचा व्हॉल्व्ह मुळाशी तुटला होता, नळी मोकळी हेलकावत होती. “खुंटी?” त्यांनी विचारलं. मी गप्प. दुसऱ्या क्षणी त्यांनी नातवाच्या काखेतला स्टम्प ओढला, टोकाला स्वतःचा रुमाल गुंडाळला आणि भोकात घालून बॅटनं ठोकला. पाणी थांबलं म्हणता येणार नाही, पण धार होती तिचं ठिबकणं झालं. मग बादल्या घेऊन आम्ही सारे. मी नंतर गणित करून पाहिलं. पाण्याखाली दोन फुटांवर इंचभर व्यासाचं भोक असेल तर मिनिटाला साठेक लिटर पाणी आत येतं, म्हणजे चार बादल्या. अर्ध्या तासात दीड-दोन टन. बोट भरतीच्या पाण्यावर साळावच्या पुलाच्या अलीकडे चिखलात नेऊन टेकवली, तेव्हा नातू विचारत होता, आता क्रिकेट कधी?

ओहोटी लागल्यावर तुटका व्हॉल्व्ह हातात आला. पितळ पिवळं असतं ना? हे गुलाबी झालं होतं आणि भिजल्या बिस्किटासारखं बोटानं मोडत होतं. इथे माझ्या व्यवसायाची आठवण करून देतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याची पोकळ जाळी राहते. आकार तोच, ताकद शून्य. म्हणून पाण्याखाली पितळ वापरत नाहीत, ब्राँझ वापरतात. पण पितळसुद्धा असं दोन वर्षांत जात नाही. त्याला घाई कुणी करायला लावली? तर माझ्या फ्रिजनं. तळात ढकललेला तो जोड साचलेल्या पाण्यात भिजत पडला होता. वीज त्यातून गळत होती, व्हॉल्व्हच्या धातूत शिरून समुद्रात उतरत होती आणि उतरताना धातू सोबत नेत होती. थंड सरबतासाठी केलेली सोय बोटीचा तळ खात होती! चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांत असले दोष शोधून मी पगार घेतला होता.

सौ.नं त्या रात्री एकच वाक्य उच्चारलं, “आधी तांडेलांना विचारा, मग बोटीला हात लावा.” दुसऱ्या दिवशी मी तांडेलांच्या अंगणात जाऊन बसलो. माफी वगैरे मागायला जमलं नाही. त्यांनी चहा दिला आणि सुतारमामांचा पत्ता दिला.

येत्या ज्येष्ठात, उधाणाची भरती गाठून बोट वर घेतली. भरतीचा हिशेब तांडेल घड्याळावर करत नाहीत. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. आमच्या किनाऱ्यावर हा हिशेब फारसा चुकत नाही. बोट टेकूंवर उभी राहिली, वर झापांचं छप्पर घातलं आणि सुतारमामा आले. त्यांनी फळ्या पाहिल्याच नाहीत, हातोडीनं वाजवत गेले. टणक आवाज आला की पुढे, भद्द आवाज आला की खडूची फुली. बाहेरून टाचणीएवढं भोक आणि आत बोटाएवढाले बोगदे. हे काम शिपवर्मचं. नाव किड्याचं, पण प्राणी शिंपल्याच्या कुळातला. अकरा फळ्यांवर फुल्या पडल्या. पठाण, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, सुदैवानं शाबूत निघालं.

जुने लोखंडी खिळे उपसून तांब्याचे आले. फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस छिन्नीनं ठासत मामा दिवसचे दिवस बसायचे. ठोक्याचा ताल बिघडला की मी समजायचो, मनासारखं बसलं नाही. मी मदतीला बसलो तर माझा हातभर सांधा त्यांनी न बोलता उकरून काढला. सगळे व्हॉल्व्ह ब्राँझचे केले, प्रत्येक नळीवर दोन-दोन पट्ट्या आल्या, वायरिंग उचलून छताखालून नेलं. तळाला जस्ताचे ठोकळे बसवले. नवसाच्या बोकडासारखे ते स्वतः झिजतात आणि शाफ्ट व पंखा वाचवतात. वर्षाला बदलावे लागतात. फ्रिज जावईबापूंना दिला.

नारळी पौर्णिमा झाल्यावर बोट पाण्यात गेली आणि बदाबदा गळू लागली. माझा चेहरा पाहून तांडेल पहिल्यांदा मोठ्यानं हसले. दोन-अडीच महिने कोरडं पडलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं, तेव्हाच सांधे मिटतात. ते रात्रभर बोटीत बसले, अधूनमधून पंप चालवत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तळ जवळजवळ कोरडा झाला. शाफ्टच्या ग्लँडमधून मात्र मिनिटाला दोन-चार थेंब पडत होते. ते पडायलाच हवेत. ती कोंडी कोरडी ठणठणीत आवळली तर शाफ्ट तापतो.

खर्च? बोटीच्या किमतीहून जास्त झाला. दोन वर्षांनी इंजिनही बदललं. मुंबईतल्या दुकानदारानं परदेशी इंजिनाची गुळगुळीत पुस्तिका दाखवली होती, पण मी इथल्या मच्छीमार बोटींवर सर्रास दिसणारं अशोक लेलँडचं सहा सिलिंडरचं घेतलं. वेग दोन मैलांनी कमी. पण रात्री बंद पडलं तर शेजारच्या बोटीवरचा पोरगा येऊन दुरुस्त करतो आणि सुटा भाग अलिबागेत मिळतो. पुढे जीपीएस आलं, एलईडी दिवे आले, छपरावर सौर पट्टी आली. गाद्यांचे अभ्रे मात्र अजून तेच, पाण्याच्या रेषेसकट.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि माणसं बुडाली, तेव्हापासून आमच्याकडे एक नियम झाला आहे. जॅकेटाचा पट्टा प्रत्येकानं लावल्याशिवाय दोर सुटत नाही. पाहुणे कुरकुरतात, फोटो चांगले येत नाहीत म्हणे. येवोत किंवा न येवोत.

तांडेल आता बोटीवर येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. त्यांचा मुलगा येतो. नातू इंजिनिअरिंगला आहे. गेल्या सुटीत त्याला मोबाइल चार्ज करायला केबिनमध्ये जोडणी हवी होती. मी वायरिंगबद्दल तोंड उघडणार इतक्यात त्यानं विजेरी घेतली आणि तळफळी उचलून आधी खाली उतरला. मोरीच्या व्हॉल्व्हपाशी सुतळीनं बांधलेला अर्धा स्टम्प आहे, टोकाला निमुळता तासलेला. तो त्यानं ओढून पाहिला, गाठ पुन्हा आवळली आणि वर येऊन म्हणाला, “आजोबा, ग्लँडमधून थेंब जास्त पडतायत. मोजले मी. वीसच्या वर आहेत.”

म्हणजे शाफ्ट झिजला आहे, बदलावा लागणार. अंदाजपत्रक आलं आहे, आकडा बरा नाही. घरी अजून बोललेलो नाही. सौ. रविवारी सकाळी चहाबरोबर ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते.