इंग्लंडचे ग्रामीण स्वराज्य, लेखांक ७ : रटलंडची कौंटी

मागील लेखांकात पाहिल्याप्रमाणे १८८८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये लोकनियुक्त कौंटी कौन्सिले आली आणि १८९४ च्या कायद्याने त्यांच्या खालच्या पायरीवर डिस्ट्रिक्ट व पॅरिश अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. या रचनेचा सर्वांत अवघड प्रश्न असा की, स्वतंत्र कारभार चालवण्यासाठी एखादा प्रदेश किती मोठा असावा. आणि त्याची कसोटी रटलंडइतकी दुसऱ्या कोणत्याही ग्रामीण प्रदेशात लागलेली नाही. सुमारे ३८२ चौरस किलोमीटर क्षेत्र, २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ४१,००० वस्ती आणि ओकम व अपिंगम ही दोनच बाजारपेठेची गावे, एवढाच हा मुलूख आहे.

विल्यम राजाने १०८६ मध्ये करविलेल्या डूम्सडे या महसुली पाहणीत रटलंड पूर्ण कौंटी म्हणून दिसत नाही. त्याचे भाग शेजारच्या कौंट्यांच्या हिशेबात विखुरलेले आहेत. मात्र त्याआधीपासून येथील बरीच जमीन राणीच्या निर्वाहासाठी राखीव असे, एडवर्ड द कन्फेसरची राणी ईडिथ हिच्याकडे ती होती, आणि या राखीव मिळकतीमुळेच हा प्रदेश शेजाऱ्यांत विरघळून गेला नाही, असे मानण्यास जागा आहे. बाराव्या शतकात त्याला स्वतःचा शेरिफ, म्हणजे राजाच्या वतीने वसुली व न्यायव्यवस्था पाहणारा अधिकारी, मिळाला. त्याच शतकाच्या अखेरीस ओकम येथे वॉकलिन द फेरर्स याने बांधलेला दगडी दिवाणखाना आजही उभा असून तेथे विसाव्या शतकापर्यंत न्यायालये भरत असत. राजघराण्यातील व्यक्तीने किंवा उमरावाने प्रथमच ओकमला आल्यावर घोड्याची नाल द्यावी, अशी तेथील चाल आहे, आणि भिंतींवर टांगलेल्या दोनशेहून अधिक शोभिवंत नालांत चौथ्या एडवर्डच्या नावाने ओळखली जाणारी पंधराव्या शतकातील नालही आहे. ज्या प्रदेशापाशी सैन्य किंवा संपत्ती यांचा दबदबा नव्हता, त्याने मोठ्यांकडून खंडणी घेण्याची ही हौस इतकी शतके जपावी, यात थोडा मिस्कीलपणाही असावा.

प्रत्यक्ष कारभाराच्या सीमा मात्र कौंटीच्या सीमांशी नेहमीच जुळत नसत. १८३४ च्या गरीब कायद्याने निराधारांच्या सोयीसाठी अनेक पॅरिशांचे मिळून संघ बनविले, ते बाजारपेठेच्या गावाभोवती आखलेले असल्याने रटलंडच्या पूर्वेकडील खेडी लिंकनशरमधील स्टॅमफर्डच्या संघात गेली. १८९४ मध्ये हे संघ ग्रामीण डिस्ट्रिक्टांचा पाया ठरले, पण डिस्ट्रिक्ट एकाच कौंटीत असावा असा दंडक घातला गेल्यामुळे स्टॅमफर्ड संघाचा रटलंडमधील तुकडा वेगळा काढून केटन हा ग्रामीण डिस्ट्रिक्ट करावा लागला. ओकम व अपिंगम हे अन्य दोन. त्याच कायद्याने चर्चच्या व्यवस्थेपासून अलग केलेल्या नागरी पॅरिशला, वस्ती तीनशे किंवा त्याहून अधिक असल्यास, निवडलेले कौन्सिल मिळाले. त्याहून लहान खेड्याचे काम पॅरिश मीटिंगवर, म्हणजे सर्व मतदारांच्या सभेवर, भागविता येई.

विसाव्या शतकात शाळा, रस्ते आणि समाजकल्याण यांचा खर्च वाढला, तसे एवढ्या थोड्या करदात्यांवर एक स्वतंत्र कौंटी चालविणे नियोजनकारांना परवडेनासे वाटू लागले. रटलंड शेजारच्या लेस्टरशर कौंटीला जोडण्याचा प्रस्ताव लोकांच्या विरोधामुळे १९६३ मध्ये मागे पडला. तथापि १९७२ च्या कायद्याने तो साधलाच, आणि १ एप्रिल १९७४ पासून रटलंड हा लेस्टरशरमधील एक डिस्ट्रिक्ट झाला. घरबांधणी, कचरा व स्थानिक नियोजन ओकमला राहिले, शिक्षण व रस्ते लेस्टरशरकडे गेले. याच सुमारास ग्वॉश नदी अडवून झालेल्या आणि कौंटीची सुमारे तीन टक्के भूमी व्यापणाऱ्या धरणाला बांधकामाच्या काळात एंपिंगम जलाशय म्हणत, पण १९७६ मध्ये त्याचे नाव रटलंड वॉटर ठरले. नकाशावरून कौंटी म्हणून पुसलेले नाव पाण्यावर तरी राहिले.

नव्वदच्या दशकातील पुनर्रचनेत रटलंडने आपला दावा पुन्हा मांडला आणि १ एप्रिल १९९७ रोजी ते एकस्तरीय, म्हणजे कौंटी व डिस्ट्रिक्ट या दोहोंची कामे एकाच संस्थेकडे असलेले, क्षेत्र झाले. तांत्रिकदृष्ट्या मात्र जुने कौंटी कौन्सिल पुनरुज्जीवित झाले नाही. डिस्ट्रिक्ट कौन्सिललाच कौंटीचे अधिकार मिळाले, त्यामुळे या संस्थेचे कायदेशीर नाव ‘रटलंड कौंटी कौन्सिल डिस्ट्रिक्ट कौन्सिल’ असे विचित्र झाले. पोलीस व अग्निशमन ही दले आजही लेस्टरशरशी सामाईक आहेत, त्यामुळे हे स्वातंत्र्य पूर्ण नव्हे. तरीही त्याला निव्वळ अभिमानाचा हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण शाळा व रस्ते यांचे निर्णय त्यामुळे खरोखरच ओकमला परतले.

डिसेंबर २०२४ मधील श्वेतपत्रिकेत सरकारने नव्या एकस्तरीय कौन्सिलांसाठी सुमारे पाच लाख वस्तीचा मापदंड सुचविला आणि पुढच्या फेब्रुवारीत लेस्टरशर, लेस्टर शहर व रटलंड यांच्याकडून पुनर्रचनेचे प्रस्ताव मागविले. रटलंडची वस्ती त्या मापदंडाच्या दशांशाहूनही कमी आहे. तथापि राजाचा प्रतिनिधी असणाऱ्या लॉर्ड लेफ्टनंटचे क्षेत्र स्थानिक कारभाराच्या कायद्याने नव्हे, तर १९९७ च्या वेगळ्या कायद्याने ठरते, आणि म्हणून कौन्सिल मोठ्या संस्थेत विलीन झाले तरी मानाची कौंटी म्हणून रटलंड वेगळे राखता येते.